कच्च्या झोपेतलं मशीन

आम्हाला घर भाड्याने देताना भाऊंनी आमचं उत्पन्न विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आमच्याकडे पाहुणे किती येतात तेही विचारलं नाही. अंगणातल्या सिमेंटच्या बाकावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "झोपता कवा?"

माझ्या यजमानांनी पगाराचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणले होते. ते अर्धवट बाहेर काढलेले परत आत गेले. म्हणाले, "साधारण अकरा."

"साधारण म्हंजी?"

"म्हणजे... मॅच असली तर उशीर होतो."

भाऊंनी माझ्याकडे मान वळवली. "आनि बाई, तुमी उठता कवा?"

माझी शाळा सकाळची. मी म्हटलं, साडेपाचला. शाळा असते तेव्हा, हे पुढचं वाक्य मला बोलायचं होतं, पण तोवर भाऊ उठून किल्ली आणायला आत गेले होते. त्या एका साडेपाचवर आम्हाला बेगडेवाडी स्टेशनाजवळच्या त्या घराचा वरचा मजला मिळाला. पुढे आम्ही तिथे राहिलो तितकी वर्षं, रविवार असो की दिवाळी, साडेपाच झाले की खाली अंगणात कुणीतरी खाकरायचं. हाक नाही, दार वाजवणं नाही, नुसतं खाकरणं. झोपलेल्या माणसाला हात लावून उठवू नये, लांबून सुचवावं, असा भाऊंचा नियम होता. पहिल्या वर्षी मी रविवारी डोक्यावरून पांघरूण घेतलं. दुसऱ्या वर्षापासून उठून चहा टाकायला लागले. माणूस खाकरण्यालासुद्धा घाबरतो, हे मी स्वतःवरून सांगते.

भाऊ मूळचे वडिवळ्याचे. भाऊबंद अजून तिथे भातशेती करतात. भाऊ तरुणपणी तळेगावकडच्या एका कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी तिथे एकच काम केलं असं ते सांगत: भोंगा. पाळी सुरू झाली की भोंगा, जेवणाची सुट्टी झाली की भोंगा, पाळी सुटली की भोंगा. खरं तर ते तिथे वायरमन होते आणि बटण दाबणं हे त्यांच्या कामातलं सगळ्यांत किरकोळ काम असणार. पण पंखे दुरुस्त केल्याचं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

"आसपासची गावं माज्या बोटावर उठायची," ते उजव्या हाताचा अंगठा दाखवून म्हणत. बोट म्हणायचे आणि अंगठा दाखवायचे.

त्या अंगठ्याने साऱ्या नोकरीत एकदाच चूक केली. मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा भाऊंनी आनंदाच्या भरात भोंगा वेळेच्या बराच आधी वाजवला. अख्खी पाळी डबे उचलून घरी गेली. गेटवरचा सुरक्षारक्षक काहीतरी विचारायच्या आत माणसं रेल्वेचं फाटक ओलांडून गेली होती. साहेबांनी मेमो दिला. भाऊ तो मेमो पेढ्याच्या पुड्यासकट घरी घेऊन आले. ही हकीकत त्यांनी मला सांगितली तेव्हा मी विचारलं, वाईट नाही वाटलं? तर म्हणाले, "वाटलं की. लोकं घरी लवकर पोचली, आनि घरात कुनाचाच सैपाक झाला नव्हता."

जागरण या गोष्टीवर त्यांचा राग होता. जागं राहणं म्हणजे काम करणं नव्हे, असं त्यांचं मत. काम असेल तर जागं राहावं, नसेल तर सरळ आडवं व्हावं. हे मधलं लोळत, जांभया देत, टीव्हीसमोर बसणं त्यांना बघवत नसे. यजमानांची मॅच चालू असली की खालून आवाज यायचा, "वर कोन जागं हाये? कशापायी?" आपण मॅच बघून नेमकं काय साधतो याचा यजमान त्यानंतर विचार करू लागले आणि त्यातून त्यांची मॅचमधली गोडीच कमी झाली. त्याबद्दल मी भाऊंची आजही ऋणी आहे.

एकदा वडिवळ्याला त्यांच्या पुतणीच्या लग्नाला आम्हाला घेऊन गेले. मुहूर्त टळून गेला तरी नवरदेव डीजेपुढे मित्रांच्या खांद्यावरच. गुरुजी घामाघूम. भाऊ मांडवात पहिल्या रांगेत मनगटावरचं घड्याळ हातात काढून धरून बसले होते. शेवटी गुरुजींकडे जाऊन म्हणाले, "महाराज, तुमचं खातं चांगलं हाये, पर त्येला भोंगा न्हाई."

आता मशीनची गोष्ट.

भाऊंचा मुलगा वाकडला राहतो. भला माणूस. कंपनीतून त्याने नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा घरचा जुना कॉम्प्युटर, पडदा, कीबोर्ड, माऊस असा सगळा संसार आणून भाऊंच्या ओटीवर मांडला. हेतू असा की भाऊंनी नातवंडांशी बोलावं, त्यांची तोंडं बघावीत. नातवंडांना मात्र आजोबांशी बोलायला रविवारचाच वेळ. बाकीचे सहा दिवस ते मशीन चालू राहायचं आणि पडद्यावर समुद्राचं चित्र दिसत राहायचं. चौथ्या दिवशी भाऊ जिना चढून वर आले.

"बाई, ह्ये दिवसभर जागं ऱ्हानार?"

मी शाळेत संगणक शिकवते. हे वाक्य ऐकून लोकांच्या चेहऱ्यावर जो आदर येतो, तो मला फार वर्षं पुरला आहे. प्रत्यक्षात मी 'संगणकाचे भाग' आणि 'संगणकाचे फायदे व तोटे' हे दोन धडे शिकवते, आणि प्रयोगशाळेतलं मशीन बिघडलं की मुलांना मैदानावर नेते. पण भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर योगायोगाने मला येत होतं. मी म्हटलं, "बंद करा."

"परत चालू कराया लय येळ लागतोय त्येला."

"मग झोपवा."

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. मी खाली जाऊन त्यांना 'स्लीप' कुठे असतं ते दाखवलं. पडदा काळा झाला, पंख्याची घरघर थांबली आणि खोक्यावरचा छोटा दिवा मंद होत, उजळत, मंद होत राहिला. भाऊ वाकून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग आवाज उतरवून म्हणाले, "श्वास घेतंय."

त्या दिवसापासून मशीनबद्दलचं त्यांचं मत बदललं. काम नाही तर झोपतं, काम निघालं की उठतं. असा माणूस त्यांनी कारखान्यात शोधला होता, नात्यात शोधला होता, वरच्या मजल्यावर शोधला होता; तो शेवटी ओटीवर सापडला. पुढचा प्रश्न साहजिक होता. "आपलं आपून उठतं का ह्ये? येळंवर?"

हे मला माहीत नव्हतं. आमच्या मुलीने शोधून एक फुकटातला छोटा प्रोग्राम त्यात घालून दिला. त्याचं काम एवढंच: सांगितलेल्या वेळेला झोपलेल्या कॉम्प्युटरला उठवायचं, सांगितलेला आवाज वाजवायचा, आणि थोड्या वेळाने परत झोपवायचं. म्हणजे भाऊंच्या दृष्टीने निवृत्तीनंतर परत नोकरी लागली.

गणेश मंडळाचा एक जुना कर्णा त्यांनी मागून आणला, गच्चीच्या कठड्याला बांधला आणि आवाज गल्ली आणि स्टेशनापुरता ठेवला. घोषणा स्वतःच्या आवाजात नोंदवल्या. एरवी मावळी बोलणारा हा माणूस माईकसमोर गेला की कारखान्याच्या सूचना फलकासारखा बोलायचा. "सूचना. सकाळची गोळी. गुलाबी. न्याहारीनंतर घ्यावी. सोबत पेलाभर पाणी. आभारी आहे." मग, "सूचना. गॅसवर दूध आहे. उतरवावे." मग, "सूचना. टाकी भरली असेल. मोटार बंद करावी." दुपारी जेवणाआधी पांढरी गोळी. रात्री जेवणानंतर दुसरी पांढरी, पण ती चपटी. प्रत्येक घोषणा नोंदवल्यावर मला ऐकवायचे. "बाई, सुद्द हाये का बगा."

गंमत अशी की हे सगळं ते स्वतःलाच सांगत होते, पण वाजलं की भांडत. कर्णा म्हणायचा, गोळी घ्यावी. भाऊ ओटीवरून म्हणायचे, "घेतो, घेतो. वरडू नगंस." एकदा मला हळूच म्हणाले, "ह्यो मानूस लय ताठ हाये, न्हाई का?"

गल्ली पहिले आठ दिवस हसली. मग हळूहळू तिने स्वतःची कामं त्या कर्ण्याला बांधून टाकली. शेजारच्या मावशींना साखरेचा त्रास. त्या भाऊंच्या दुपारच्या पांढऱ्या गोळीबरोबर आपली गोळी घेऊ लागल्या. स्टेशनबाहेरचा टपरीवाला तीच घोषणा ऐकून भज्यांचा दुपारचा घाणा टाकायचा. मोटार बंद करावी असं कर्णा म्हणाला की गल्लीतल्या सगळ्या मोटारी बंद व्हायच्या, टाकी भरलेली असो वा नसो. फलाटावर गाडीची वाट बघणारी परकी माणसं मात्र दचकून आपापले खिसे चाचपत.

असं मजेत चाललं होतं, आणि मशीन चुकायला लागलं.

रोज नाही. मधूनच. सकाळची गुलाबी वेळेवर, दुधाची घोषणा वेळेवर, आणि दुपारची नाहीच. मशीन गाढ झोपलेलं, दिवा श्वास घेतोय, आणि वेळ टळून गेलेली. त्यानंतरचीही नाही. भाऊ दुखावले. "रजा टाकली न्हाई, काई न्हाई," म्हणाले, आणि वेळा परत हाताने लावल्या.

मी तज्ज्ञ म्हणून दोनदा खाली गेले. एकदा वायर काढून परत लावली, एकदा नुसतीच हलवली. दोन्ही वेळा भाऊंनी आदराने चहा दिला.

आणि एका सकाळी दुधाचीच घोषणा झाली नाही. भाऊ घोषणेच्या भरवशावर अंगणात शेवग्याच्या शेंगा काढत होते. मला वर वास आला तोवर दूध गेलं होतं, पातेलं गेलं होतं आणि ओट्यामागची भिंत काळी झाली होती. भाऊंना काही झालं नाही. पण मुलाला कळायचं ते कळलं आणि तो त्याच संध्याकाळी आला.

त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. वडील एकटे, वय झालेलं, तीन तीन गोळ्या. काकू, म्हणजे भाऊंच्या पत्नी, आम्ही राहायला यायच्या आधीच गेलेल्या. "भाऊ, आता बास झालं," तो म्हणाला. "वाकडला चला. वेगळी खोली आहे. लिफ्ट आहे."

"तितं मी काय करू?"

"आराम करा."

"त्यो हितं बी करतोय की. येळंवर."

"आणि हे भिंतीचं? तुमचं मशीन काय करत होतं?"

भाऊंनी मशीनकडे बघितलं. मशीन झोपलं होतं.

शेवटी ठरलं ते असं: मुलगा दिवाळीनंतरच्या रविवारी येणार. तोवर मशीन नीट चाललं आणि त्या दिवशी त्याच्यासमोर चाललं, तर भाऊ बेगडेवाडीत राहणार. चुकलं, तर त्याच दिवशी वाकडला, सामानासकट. भाऊंनी मान डोलावली. दिलेला शब्द ते कारखान्याच्या पाळीसारखा धरत, हे मुलालाही माहीत होतं. म्हणूनच त्याने शब्द घेतला.

त्यानंतर भाऊ मशीनसमोर खुर्ची टाकून बसू लागले. आजाऱ्याजवळ बसतात तसे. आणि त्यांनाच ते दिसलं. आमचं घर रुळांच्या अगदी जवळ. लोकल गेली तर भांडी किणकिणतात. लांब मालगाडी गेली तर टेबल थरथरतं. टेबल थरथरलं की माऊस किंचित सरकायचा, आणि माऊस सरकला की मशीन जागं व्हायचं. काही काम नाही असं बघून थोड्या वेळाने परत झोपायचं. आणि त्यानंतर मात्र ते कुठल्याच वेळेला उठायचं नाही.

भाऊ वर आले. "बाई, कळलं मला. कच्च्या झोपंत उठीवलं जातंय त्येला. आपलं बी तसंच हाये बगा. मदीच कुनी उठीवलं आनि परत डोळा लागला, का मग गजर ऐकाया येत न्हाई."

मी तज्ज्ञपणे हसले. म्हटलं, भाऊ, मशीनला झोप नसते, नुसतं नाव तसं आहे. आणि त्यांना खोटं पाडावं म्हणून मुलीला जवळ बसवून इंटरनेटवर शोधायला घेतलं. तर जगभरातले लोक हीच तक्रार करत होते. कुणाचं मशीन मांजराने उठवलेलं, कुणाचं बायकोने. प्रोग्राममध्येच चूक होती. झोपताना तो आतल्या घड्याळाला गजर लावून झोपायचा. मध्येच दुसऱ्या कुणी उठवलं, की आता आपण उठलोच आहोत तर गजर कशाला, असं समजून लावलेला गजर काढून टाकायचा. आणि परत झोपताना तो पुन्हा लावायचा, हेच त्याला कुणी शिकवलं नव्हतं. प्रोग्राम उघडून वेळा हाताने परत लावल्या की सगळं सुरळीत. बनवणाऱ्यांनी खाली लिहिलं होतं, चूक मान्य, पुढच्या सुधारणेत दुरुस्त करू. ती सुधारणा अजून यायची होती.

मी भाऊंना हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंग म्या येगळं काय सांगितलं?"

"भाऊ, ही त्या प्रोग्राममधली चूक आहे. दोष आहे."

"दोष न्हाई. सोभाव हाये." आणि ते कामाला लागले.

स्वभावाला औषध नसतं, तो सांभाळून घ्यायचा असतो, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं असावं. त्यांनी काकूंच्या जुन्या गोधडीचा तुकडा दोनदा घडी करून टेबलावर घातला, त्यावर माऊस ठेवला आणि वर स्टीलची वाटी उपडी घातली. ओटीवर मोठ्याने बोलणं बंद. टेबलाला कुणी टेकायचं नाही. मावशी काही मागायला आल्या तर दारातूनच खुणा करायच्या. एकदा गॅसवाला सिलिंडर आदळत आत आणू लागला तर भाऊ तोंडावर बोट ठेवून कुजबुजले, "हळू. झोपलंय." त्या भल्या माणसाने घरात तान्हं बाळ आहे असं समजून सिलिंडर दोन्ही हातांनी उचलून आत नेला.

आणि मशीन चुकेना. मालगाड्या गेल्या, दिवाळीचे फटाके झाले, माऊस वाटीखाली गादीवर निजून राहिला. दिवाळीचे चारही दिवस गल्ली वेळेवर गोळ्या घेत होती.

रविवार आला. मुलगा सकाळी न्याहारीच्या वेळेला गाडी घेऊन आला. गाडीची डिकी त्याने रिकामी करून आणली होती. भाऊंची ट्रंक मावावी म्हणून. भाऊंनी ती ट्रंक भरूनही ठेवली होती, कारण शब्द म्हणजे शब्द. मला आणि यजमानांना त्यांनी साक्षीला खाली बोलावलं होतं. यजमानांनी अशा वेळी नेहमी करतात तेच केलं: वर्तमानपत्र आणलं.

सकाळची गुलाबी वाजली. दुधाची वाजली. मुलगा हसला. भाऊंनी मशीनकडे कौतुकाने पाहिलं. मग भाऊ शेजारी ताक आणायला गेले आणि मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते, तेवढ्यात मुलगा टेबलाशी गेला. "दुपारची वेळ बरोबर लावलीय का बघू," असं म्हणून त्याने वाटी उचलली. "हे काय ठेवलंय," म्हणून गोधडी बाजूला केली. आणि माऊस हलवला.

माझ्या हातातली कोथिंबीर हातातच राहिली.

मशीन जागं झालं. मुलाने वेळा वाचल्या, मान डोलावली आणि स्वतःच्या हाताने ते परत झोपवलं. वाटीसुद्धा नीट उपडी घातली. भाऊ ताकाचं भांडं घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"बरोबर आहे सगळं," मुलगा म्हणाला. "आता दुपारची गोळी वाजेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही. मीही नाही लावणार."

"अहो, पण त्याचं असं आहे की—" मी सुरुवात केली.

"मॅडम, तुम्ही नका मध्ये पडू. तुम्ही त्यांच्याच बाजूच्या." तो हसत म्हणाला, पण म्हणाला.

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी बोलायला हवं होतं. वेळा परत लावायचा अवकाश होता. भाऊंनी ताक झाकून ठेवलं, बाकावर बसले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. पोरानं बगितलं, त्येचा काय गुन्हा." आणि मग ट्रंकेकडे बघत, "शब्द दिलाय म्या."

दुपारपर्यंतचा तो वेळ माझ्याने सरेना. मुलगा भाऊंना वाकडच्या बागेबद्दल सांगत होता. तिथे ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे, सकाळी हास्यक्लब असतो. "तितं उठीवतं कोन?" भाऊंनी एवढंच विचारलं. मुलाला प्रश्न कळला नाही.

वेळ झाली. कर्णा गप्प. मुलाने मनगटावर पाहिलं. यजमानांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, तो आवाजसुद्धा मोठा वाटला. दिवा शांतपणे श्वास घेत होता. भाऊ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"भाऊ," मुलगा हळूच म्हणाला. त्यालाही ते फारसं आवडत नव्हतं, हे दिसत होतं. "चुकलं."

"व्हय," भाऊ म्हणाले आणि ट्रंक उचलायला उठले.

तेवढ्यात फाटक वाजलं. मावशी आत आल्या, खुणा न करता, तरातरा. "काय वो भाऊ, आज दुपारची झाली न्हाई? मी ताट वाढून बसलीया. माजी साखरेची राह्यली ना."

त्यांच्या मागून टपरीवाला, हातातला झारा तसाच घेऊन. "भाऊ, लाईट गेलीय का? घाना टाकू का नगं? गिऱ्हाईक बोंबलतंय तितं."

पाठोपाठ समोरच्या घरातली सून कडेवर पोर घेऊन आली. तिच्या सासऱ्यांना कानाने कमी ऐकू येतं, त्यांना फक्त कर्णा ऐकू येतो. ते आज जेवायलाच बसेनात. वाटेवरून एका रिक्षावाल्याने डोकं आत घातलं आणि विचारलं, "भाऊ बरं हाये ना?" भाऊ दिसले तसा तो गेला.

मुलगा दारात उभा राहून हे येणं बघत होता. अंगणात हां हां म्हणता पाच-सात माणसं जमली आणि सगळी भाऊंवर रागावलेली.

"आवं, बाकीचं ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "तुमी घेतली का तुमची?"

भाऊ ओशाळले. ट्रंकेच्या नादात त्यांनी घेतली नव्हती.

"थांबा, मी देतो," मुलगा म्हणाला. आपण मुलगा आहोत हे त्याला एकदम आठवलं असावं. त्याने फडताळातून डबा काढला, एक पाकीट उचललं, त्यातून पांढरी गोळी बाहेर काढली आणि पाण्याचा पेला घेऊन भाऊंपुढे धरली.

"ती न्हवं," मावशी म्हणाल्या.

"ती रातची," टपरीवाला म्हणाला.

"चपटी रातची. दुपारची गोल असते," समोरची सून म्हणाली. "आणि पेला पूर्ण भरा."

मुलाने हातातल्या गोळीकडे पाहिलं. ती चपटी होती. त्याने गोल शोधली, पेला काठोकाठ भरला आणि भाऊंना दिला. भाऊंनी गोळी घेतली. सगळ्यांनी बघितलं आणि मगच मावशी आपल्या गोळीकडे, टपरीवाला भज्यांकडे आणि सून सासऱ्यांकडे वळली. अंगण जसं भरलं होतं तसं रिकामं झालं.

मुलगा बाकावर बसला. डब्यातली पाकिटं त्याने एकेक करून बघितली. मग मला म्हणाला, "मॅडम, सकाळी तुम्ही काहीतरी सांगत होतात."

मी सांगितलं. गजर, काढून टाकणं, परत लावायला विसरणं. त्याने शांतपणे ऐकलं. "म्हणजे मी उठवलं म्हणून."

"कुनी बी उठीवलं असतं," भाऊ म्हणाले. "जेवून घे आता. ताक हाये."

जेवणं झाली. मुलाने ट्रंक उचलली तशी मी फाटक उघडायला निघाले. पण ती त्याने आतल्या खोलीत नेऊन पलंगाखाली सरकवली. वडिवळ्याहून नुकतंच आलेलं नव्या इंद्रायणी तांदळाचं पोतं कोपऱ्यात उभं होतं. भाऊंनी त्याच्याकडे बोट केलं. बापलेकांनी ते दोन्हीकडून धरून नेऊन डिकीत आडवं घातलं. ट्रंकेएवढीच जागा लागली.

गाडी चालू करण्याआधी मुलाने काच खाली केली. "मॅडम, रविवारची एक घोषणा वाढवता येईल का? मुलाला फोन करावा, अशी."

मी हो म्हणणार होते. भाऊंनी हात वर करून मला थांबवलं.

"माज्यात नगं," ते म्हणाले. "तुज्या फोनात लाव गजर. माजं मला ध्यानात ऱ्हातं."